गिटारचं वायरिंग: हंबकर टाकू, की आहे तेच पिकअप नीट करून घेऊ?

सहातार, जळगाव

राम राम मंडळी. माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची एक साधी गिटार आहे, कॉलेजातल्या सीनियरकडून जुनी घेतलेली. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांखाली बसून आवाज पकडणारी चुंबक-वेटोळी, प्रत्येकात एकच कॉइल), पाच पोझिशनचा स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन. आमचा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. हळदी, गणपती, कानबाई (आमच्या खानदेशातला देवीचा उत्सव) असे कार्यक्रम करतो. गिटार हाताला इतकी बसलीय की दुसरी घ्यायची इच्छा नाही, पण आवाजाच्या तीन तक्रारी आहेत.

पहिली म्हणजे घूंऽऽ असा हम. गाणं थांबलं की सगळ्या मांडवाला ऐकू जातो. दुसरी, ब्रिजकडचा (गिटारच्या अंगावर तारा जिथे बसतात तिकडचा) पिकअप लावला की आवाज कानात टोचतो, आणि टोनचं बटण कितीही फिरवा, ढिम्म फरक नाही. तिसरी, व्हॉल्यूम जरा कमी केला की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो.

माझा विचार: ब्रिजला हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, टाकायचा, पुश-पुल पॉट (ओढलं-दाबलं की स्विचचंही काम करणारं बटण) लावून कॉइल स्प्लिट करायचं, म्हणजे हवी तेव्हा एकच कॉइल वाजेल, आणि पॉट (बटणांखालचे रोध) सगळे ५०० के (किलोओहम) चे घ्यायचे. सोल्डरिंग येतं, घरी २५ वॉटचं आयर्न आहे. मागे एकाकडे कामाला दिली होती, पण महिनाभर ठेवून तशीच परत आली, म्हणून आता स्वतःच करणार. कानबाईला दीड महिना आहे. कुणी केलंय का हे?

अमळनेरकर

टाक भो डोळे मिटून. मी दोन वर्षांपूर्वी टाकला आणि सुखी आहे. सिंगल कॉइलच्याच मापाचा हंबकर मिळतो, पिकगार्ड कापावा लागत नाही. स्टेजवर डिमरचे लाइट, एलईडीच्या पट्ट्या, शेजारी जनरेटर, या सगळ्यात सिंगल कॉइल म्हणजे हम पकडायचं जाळं. सेठ लव्हरने १९५५ मध्ये गिब्सनसाठी हंबकर बनवला तोच या त्रासापायी. दोन कॉइल एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या, चुंबकही उलटे. तारेचा आवाज जुळून मोठा होतो आणि बाहेरून आलेला हम एकमेकांना मारतो.

लोकोशेड आप्पा, भुसावळ

थांबा जरा. बेटा सहातार, पहिले मला एक सांग. अ‍ॅम्प चालू, व्हॉल्यूम पूर्ण, आणि हाताने गिटारच्या तारा धरल्या तर हम कमी होतो, वाढतो, की तेवढाच राहतो? मग तारा सोडून जॅकच्या प्लेटला बोट लाव आणि परत ऐक.

माझी ३१ वर्षं इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये गेली. इंजिन शेडमध्ये आलं की आम्ही पहिले मीटर लावायचो, पाना नंतर. तू पार्टची यादी करून मोकळा झालास, दोष कुठे आहे ते बघितलंच नाहीस.

सहातार

आप्पा, आत्ता करून बघितलं. तारा धरल्या तर काहीच फरक नाही. जॅकच्या प्लेटला बोट लावलं की हम निम्म्याहून कमी.

लोकोशेड आप्पा

मग सापडलं. तारांचा ग्राउंड तुटलाय.

आपलं शरीर म्हणजे चालता-बोलता अँटेना. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा हम आपण अंगावर गोळा करतो आणि पिकअपच्या जवळ बसतो. तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला जोडलेल्या असल्या, की त्यांना हात लागताच आपणही ग्राउंड होतो आणि हम पडतो. तुझ्याकडे जॅकला हात लावल्यावर पडतो, तारांना लावून पडत नाही. म्हणजे जॅकपर्यंत ग्राउंड आहे, ब्रिजपर्यंत पोचत नाही. गिटार पालथी घाल, मागचं प्लास्टिकचं झाकण काढ. स्प्रिंगा ज्या लोखंडी पट्टीला अडकवल्यात तिला एक काळी वायर डाग देऊन (सोल्डर करून) लावलेली असते. ती बघ.

हंबकर टाकला असता तरी हा दोष आत तसाच राहिला असता. अमळनेरकर, तुमचं म्हणणं चूक नाही, पण ते दुसऱ्या पायरीचं आहे.

यावलवाला

आप्पा, एक नंबर! मी पाच वर्षं गिटार वाजवतो, हे मला आज कळलं. लगेच माझी उघडून बघतो.

पांझरा बेंजो, धुळे

हमचा विषय निघालाच आहे तर आमच्या बेंजोचं सांगतो. धुळ्याकडे मिरवणुकीत जो बेंजो वाजतो त्यालाही मॅग्नेटिक पिकअपच असतो, गिटारच्याच जातीचा. माझे मामा वाजवायचे. त्यांच्या बेंजोचा हम असा की रस्त्याने वरात येतेय हे लोकांना गाण्याआधी हमने कळायचं! शेवटी मामांनी चहाच्या खोक्यातली चांदी काढून पिकअपच्या खालची सगळी पोकळी आतून मढवली आणि ती ग्राउंडला जोडली. एका रात्रीत फरक. नंतर कळलं की गिटारवाले तेच करतात, तांब्याची चिकटपट्टी लावून. शिल्डिंग म्हणतात त्याला.

आणि भाऊ, एक लक्षात ठेव. पट्टीचा एक तुकडा दुसऱ्यावर चढवतोस ना, तिथे खालचा डिंक आड येतो. वरून एकसंध दिसते आणि आतून तुटक असते. प्रत्येक जोडाला मीटर लाव, नाहीतर कथलाचा एक ठिपका दे.

नवखा, शिरपूर

मी एका ठिकाणी ऐकलं की अ‍ॅम्पच्या प्लगची मोठी वरची पिन काढून टाकली की हम जातो. ते सोपं नाही का?

बोरीकाठ

नवखा भाऊ, हे कृपा करून करू नकोस. बाकीच्यांनीही वाचा, लांबण लागेल पण सांगतो.

आठ वर्षांपूर्वी आमचा कार्यक्रम एका खेड्यात होता. मिक्सर गावातल्या लाइनवर, गिटारचा अ‍ॅम्प जनरेटरवर. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणीतरी आधीच उपटलेली. मी गिटार वाजवत कोरस द्यायला माइकजवळ गेलो आणि ओठ जाळीला टेकताच डोळ्यांसमोर पांढरा प्रकाश. दातांतून कळ थेट मानेत उतरली. डावा हात तारांवर होता, म्हणजे करंट ओठातून शिरून हाताने बाहेर. तबलावाल्याने पळत जाऊन बोर्डच बंद केला. तोंडाला दोन दिवस चव नव्हती. माझं नशीब म्हणून एवढ्यावर निभावलं.

अ‍ॅम्पमध्ये गळती असली तर ती अर्थिंगच्या जाड पिनेतून जमिनीत जाते. ती पिन काढली की अ‍ॅम्पची बॉडी, गिटारच्या तारा आणि तुम्ही, सगळे तिची वाट बघत उभे. हम मारायला जीव गहाण ठेवू नये. तेव्हापासून मी कार्यक्रमाआधी मीटर एसी व्होल्टवर ठेवतो, एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला. काही व्होल्ट दाखवले तर मी माइकपाशी जात नाही, कोण काही म्हणो. आणि ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावलेला बोर्ड स्वतःचा नेतो.

लोकोशेड आप्पा

बोरीकाठ, बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी त्यात घरचं जोडतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश तापतं, जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. माती सुकली की तिचा रोध वाढतो आणि अर्थिंग नावाला उरतं. ज्यांच्या शेतात मोटार आहे त्यांना हे ठाऊक असतं, खड्ड्यात मीठ-कोळसा असतो आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. घरच्या खड्ड्यात कोण ओततं? सहातार, तुझ्या घरी दोन बादल्या ओतून बघ. गिटारचा दोष त्याने जाणार नाही, पण सुरक्षेची पहिली गोष्ट तीच.

सहातार

ओतल्या, आप्पा. आई म्हणाली झाडाला घाल, भिंतीला कशाला घालतोस!

मागचं झाकणही काढलं. काळी वायर जागच्या जागी दिसत होती. मला वाटलं आप्पांचं चुकलं. मग नखाने डाग जरा ढकलला तर तो टिकलीसारखा अख्खा निघून आला. पट्टीला तो धरलाच नव्हता, नुसता टेकून होता. खाली लोखंड कोरं. आता २५ वॉटच्या आयर्नने पुन्हा लावतोय तर कथील पट्टीवर पसरतच नाही, गोळी होऊन घरंगळतं.

गिरणाकाठची

मी मूळची चाळीसगावची, आता नाशिकला असते. तीन गिटारींचं वायरिंग स्वतः केलंय, म्हणून सांगते.

सहातारदादा, ती पट्टी जाड लोखंडाची आहे, शिवाय स्प्रिंगांना जोडलेली. तुझ्या आयर्नची सगळी उष्णता ती गिळते. ६० वॉटच्या वरचं जाड टोकाचं आयर्न घे, आमच्या गल्लीतल्या रेडिओवाल्याकडे होतं तसं. जागा आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत कर, थोडा फ्लक्स, मग आयर्न पट्टीवर टेकवून धर. कथील आयर्नला लावायचं नाही, तापलेल्या लोखंडाला लावायचं. पाण्यासारखं पसरलं की डाग बसला. पॉटच्या पाठीवर ग्राउंड लावतानाही हेच. लहान आयर्न दोन-दोन मिनिटं धरून ठेवलं तर आतली कार्बनची पट्टी भाजते आणि पॉट खरखरायला लागतो. मोठं आयर्न, चार सेकंद, विषय संपला.

माझी पहिली चूक वेगळी होती. ब्रिजचा पिकअप बदलला, एकटा लावला की आवाज सुरेख. पण स्विच दुसऱ्या पोझिशनला, म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र, नेला की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पातळ. खर्ज गायब. आठ दिवस पिकअपला दोष देत बसले. तो होता फेजचा घोळ. नवीन पिकअपची दिशा जुन्यांच्या उलट, त्यामुळे दोघे मिळून एकमेकांचा आवाज खात होते. एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि सगळं भरून आलं. काट्याचं मीटर असेल तर आधीच कळतं: पिकअपला लावायचं, स्क्रू-ड्रायव्हर पोलवर (पिकअपच्या वर दिसणाऱ्या धातूच्या टिकलीवर) टेकवून झटकन उचलायचा, काटा कुठल्या बाजूला हलतो ते तिन्हींचं बघायचं. सगळे एकाच बाजूला हलले पाहिजेत.

आणि काही उघडण्याआधी फोटो काढ. एक लांबून, चार जवळून.

अमळनेरकर

ग्राउंड ठीक झाला तरी सिंगल कॉइलचा स्वतःचा हम उरणारच, ते मान्य करा ना. डिस्टॉर्शन लावल्यावर तो पाचपट होतो. मी रॉक वाजवतो, मला हंबकरच पाहिजे.

गिरणाकाठची

मान्य आहे, दादा. तुमच्या वाजवण्याला तोच बरोबर. पण कॉइल स्प्लिटचं सांगायला हवं, कारण सहातारदादा तेही करणार म्हणतोय. स्प्लिट करताना दोन कॉइलांचा मधला जोड ग्राउंडला नेतो, एक कॉइल झोपते. म्हणजे उरली सिंगल कॉइल आणि हम परत घरी. त्यापेक्षा दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या तर आवाज उघडा होतो, जोर थोडा कमी, पण हम दबलेलाच राहतो.

चार वायरींचे रंगही कंपनीगणिक वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी सिग्नलची, लाल-पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंड. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी-पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंड. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की बसा रडत.

तारसप्तक, मुंबई (मूळ गाव पाचोरा)

त्याच्या दुसऱ्या तक्रारीकडे कुणी बघतच नाही. ब्रिजला टोन लागत नाही हा बिघाडच नाही! स्ट्रॅट १९५४ मध्ये आली तेव्हापासूनचं हे वायरिंग आहे: एक टोन नेकचा (मानेकडच्या पिकअपचा), एक मधल्याचा, ब्रिजला काहीच नाही. तेव्हा स्विचही तीनच पोझिशनचा होता. वाजवणाऱ्यांनी तो दोन खाचांच्या मध्ये अडकवून मधले आवाज शोधले, आणि पाच पोझिशनचा स्विच फेंडरने १९७७ ला दिला. म्हणजे वाजवणाऱ्यांच्या खटपटीतूनच ही गिटार पुढे गेली, हे मला फार आवडतं.

सहातार, तुला हवी आहे दीड इंच वायर. स्विचच्या टोनकडच्या बाजूला तीन टोकं असतात, नेक आणि मधल्याला वायर लागलेली, ब्रिजचं मोकळं. ते मोकळं टोक मधल्याच्या टोकाला जोड. झालं, दुसरा टोन आता ब्रिजलाही लागेल. तुझा स्विच एका ओळीत आठ पिनांचा असेल तर डोळ्यांवर विसंबू नकोस, मीटरने प्रत्येक पोझिशनला कुठली पिन कुठे जुळते ते कागदावर मांड.

दुसरं, पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धर, तार आणि पोल यांच्यात जाड तारेकडे २ मिमी, बारीक तारेकडे १.६ मिमी अंतर हवं. तुझा ब्रिज बहुतेक तारांना जवळजवळ चिकटलाय. दोन स्क्रू फिरवायचे, खर्च शून्य.

यावलवाला

आणि तिसरी तक्रार? मलाही तोच त्रास आहे. गोधडीवाला.

तारसप्तक

ट्रेबल ब्लीड लाव. व्हॉल्यूमच्या पॉटला तीन पाय असतात. सिग्नल येतो तो पाय आणि मधला पाय, या दोघांमध्ये १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला पॅरलल १५० के चा रेझिस्टर. व्हॉल्यूम पूर्ण असताना त्याचा काही परिणाम नसतो. कमी केलास की उंच सूर कपॅसिटरमधून निसटून पुढे जातात, आवाज झाकोळत नाही. दोन्ही पार्ट लॅमिंग्टन रोडला काय, गोलाणी मार्केटात विचारलं तरी मिळतील.

५०० के चे पॉट मात्र सिंगल कॉइलला लावू नकोस. तुझा आवाज आधीच टोचतोय, त्यात तो अजून टोकदार होईल. सिंगल कॉइलला २५०, हंबकरला ५००, हा साधा हिशेब. दोन्ही एकत्र असले तर ५०० चा पॉट ठेवून सिंगल कॉइलच्या वाटेत ४७० के चा रेझिस्टर ग्राउंडला द्यायचा, सुमारे २४२ के होतात. पॉटवर ए लिहिलंय की बी तेही बघ. व्हॉल्यूमला ए, म्हणजे लॉग. बाजारात बी सहज मिळतो, पण तो अर्ध्यापर्यंत काही करत नाही आणि मग एकदम आवाज पाडतो.

मोटारवाला, पारोळा

सगळं वाचलं, मजा आली. आमचं मोटार भरायचं दुकान आहे, वडील तीस वर्षं पाण्याच्या मोटारी भरतात. एका मित्राचा पिकअप मेला होता, मीटरला काहीच दाखवेना. चांगला सिंगल कॉइल सहा के ओहमच्या आसपास दाखवतो. म्हटलं आपण भरू. वडील तार बघून हसले. मोटारीची तार सुतळी वाटावी अशी ती ४६ गेजची, केसाहून बारीक, आठ हजारांच्या आसपास वेढे. उजेडाकडे धरली तरच दिसते. बोटाला घाम असला तर चिकटते, श्वास सोडला तर हलते. तीन वेळा तुटली. चौथ्यांदा दुकानाचं शटर ओढून, पंखा बंद करून रात्री अकराला बसलो आणि पहाटे भरून झाली. ५.८ के.

आता सहातारसाठी कामाचं. स्वस्त पिकअपमध्ये पोल साध्या लोखंडाचे असतात आणि खाली एक काळा सिरॅमिक चुंबक चिकटवलेला असतो. तसा तुझा असेल तर मधल्या पिकअपचा चुंबक केस-ड्रायरने गरम करून सावकाश सोडव, डावी-उजवी बाजू बदलू नकोस, तळ वर करून पालथा चिकटव. मग त्याच पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल कर. चुंबक उलटला आणि वायरीही उलटल्या, म्हणून तारेचा आवाज सुलट राहतो, पण हम उलटा होतो. दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला तुझी गिटार हंबकरसारखी शांत होईल. पोल स्वतःच चुंबकाचे असले तर हे करू नकोस.

अमळनेरकर

मोटारवाला भाऊ, हे मला माहीत नव्हतं. मना भाऊ, भलतं भारी शे!

सहातार

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

६० वॉटचं आयर्न ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककडून एका दिवसासाठी आणलं. पट्टीचा डाग बसला, तारा धरल्या की हम पडतो. पोकळीत तांब्याची पट्टी लावली. अकरा जोडांपैकी चार मीटरला तुटक निघाले, त्यांना कथील दिलं. दीड इंचाची वायर आणि ट्रेबल ब्लीड एकाच बैठकीत. ब्रिजची उंची मोजली तर १ मिमीसुद्धा नव्हती. पॉट २५० के चेच ठेवले.

काल रात्री मधला पिकअप काढला. खाली काळा चुंबक होता, मोटारवाला भाऊ म्हणाले तसाच. उलटवण्याआधी पुतण्याच्या कंपासपेटीतलं होकायंत्र पोलांवर धरलं, तिन्ही पिकअपवर सुईचं लाल टोक खाली ओढलं जायचं. उलटवून बसवल्यावर मधल्यावर ठेवलं तर सुई गर्रकन फिरली आणि दुसरं टोक खाली. तारा चढवल्या, अ‍ॅम्प लावला, पंख्याचा रेग्युलेटर मुद्दाम दोनवर ठेवला, त्यावर सगळ्यात जास्त घरघर येते. तिसऱ्या पोझिशनला घरघर. चौथ्याला खटकन स्विच टाकला आणि शांत. पाल चुकचुकलेली ऐकू आली. मी चार-पाच वेळा नुसता स्विचच मागेपुढे करत बसलो.

हंबकर आत्ता नाही घेत. आप्पा, कानबाईच्या रविवारी रात्री आमच्याकडे जागरणाला या, भुसावळहून येणं अवघड नाही. रोटाचा प्रसाद आहे.

लोकोशेड आप्पा

येतो. बोरीकाठसारखं मीटर घेऊन येतो, माइकची जाळी आणि तुझ्या तारा मी स्वतः तपासणार, मगच वाजवायचं. मांडवात अर्थिंगची सळई ठोकायला सांग, आणि पाण्याची एक बादली तिथेच ठेव.